रिपोर्ट नॉर्मल, तरी ओटीपोटात आग: मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याचं निदान कसं करून घ्यायचं

‘उन्हाळी लागली असेल, धन्या-जिऱ्याचं पाणी पी’ इथून सुरुवात होते. मग मेडिकलमधून तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या येतात. थोडं बरं वाटतं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. दोन-चार वेळा असं झालं की लघवीची तपासणी होते, रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ येतं, आणि घरातले म्हणतात, ‘काही नाही, मनाचं आहे.’

मनाचं नाही. जंतू नसतानाही मूत्राशय दुखू शकतं. या आजाराला डॉक्टर ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘आयसी’. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर एक संरक्षक थर असतो. तो विरळ झाला की लघवीतले क्षार आतल्या पेशींना आणि नसांना झोंबतात, असा एक मुख्य अंदाज आहे. नसा जास्त संवेदनशील होणं आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडणं हेही त्यात मिसळलेलं असतं. एका रक्ततपासणीत किंवा एका सोनोग्राफीत हा आजार ‘दिसत’ नाही. बाकीचे आजार एकेक करून वगळायचे आणि लक्षणांची नोंद समोर ठेवायची, असंच निदान होतं. म्हणून यात तुमच्या हातातल्या कागदांना डॉक्टरांच्या मशीनइतकीच किंमत आहे.

१. आपलं दुखणं नेमकं कसं आहे ते ओळखा

आयसीची ठेवण साधारण अशी असते: मूत्राशय भरत जाईल तसं ओटीपोटात, जांघेत किंवा लघवीच्या जागी दाब, जळजळ, कळ वाढते. लघवी झाली की थोडा वेळ सुटल्यासारखं वाटतं. अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा तेच. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. पाळीच्या आधी, जागरणानंतर, तिखट खाल्ल्यावर किंवा शरीरसंबंधानंतर वाढतं. हे ६ आठवड्यांहून जास्त चाललं असेल आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं कारण सापडत नसेल, तर अमेरिकेतल्या युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे निदान विचारात घ्यावं लागतं.

एक फरक नीट लक्षात ठेवा, डॉक्टर हमखास विचारतात. ‘पळत जाता ते कशासाठी? लघवी कपड्यात होईल या भीतीनं, की कळ सहन होत नाही म्हणून?’ भीती गळण्याची असेल तर तो बहुधा मूत्राशयाच्या अतिचंचलतेचा प्रकार आहे आणि त्याची औषधं वेगळी. कळ थांबावी म्हणून जात असाल तर तसंच स्पष्ट सांगा.

खालीलपैकी काही असेल तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा: लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, लघवी अजिबात न होणं, पायांत किंवा जांघेत बधिरपणा, कारण नसताना वजन उतरणं, किंवा गरोदरपण.

२. तीन दिवसांची वही

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी तपासणी हीच. लागतं काय? अर्ध्या लिटरचा, मिलीच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग (स्वयंपाकघरातला नको, वेगळा घ्या), वही, पेन आणि घड्याळ. सलग तीन दिवस धरा. त्यात एक दिवस सुट्टीचा आणि दोन कामाचे असावेत, कारण रानात, दुकानात किंवा कारखान्यात असताना लघवी दाबून धरली जाते आणि आकडे बदलतात. बाहेर मग नेणं जमत नसेल तर फक्त वेळ आणि कळ लिहा, माप घरी असताना घ्या.

प्रत्येक वेळी पाच गोष्टी: वेळ, किती मिली, आधी कळ किती (० ते १०), नंतर किती, आणि त्याआधीच्या दोन-तीन तासांत काय खाल्लं-प्यायलं. नोंद अशी दिसेल:

पहाटे ५.४० – १४० मिली – आधी ६, नंतर २ – काही नाही
सकाळी ७.१५ – ९० मिली – आधी ७, नंतर ४ – एक कप चहा
सकाळी ८.०० – ६० मिली – आधी ७, नंतर ५ – चहा, मिसळ

निरोगी बाईला दिवसरात्र मिळून साधारण ८ वेळांपर्यंत लघवीला जावं लागतं, आणि एका वेळी आरामात ३०० मिली किंवा जास्त धरता येते. तुमच्या वहीत १६ वेळा आणि दर वेळी ८०-१०० मिली दिसली, की डॉक्टरांना पुढचा अर्धा प्रश्न विचारावाच लागत नाही. उलट दर वेळी ४०० मिली आणि तीही १४ वेळा होत असेल, तर आधी साखर तपासा. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डॅपाग्लिफ्लोझिन, लघवीतून साखर बाहेर टाकतात. त्यानं लघवी वाढते आणि बुरशीचा संसर्ग होऊन जळजळही होते.

वही खोटी सजवू नका. एखादा दिवस राहिला तर कोरा सोडा.

३. लघवीची तपासणी बरोबर करून घ्या

निदानाचा घोळ सगळ्यांत जास्त इथे होतो. दोन तपासण्या लागतात: रुटीन, आणि कल्चर-सेन्सिटिव्हिटी (लघवीतले जंतू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाला दबतात, हे बघणारी). नुसती रुटीन पुरत नाही.

नमुना देण्याची पद्धत:

- कल्चर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी द्यायचं. गोळ्या चालू असतील तर तसं लॅबच्या फॉर्मवर लिहा. नाहीतर ‘नो ग्रोथ’ येतं आणि त्याचा अर्थ कुणालाच लावता येत नाही.
- लॅबमधूनच निर्जंतुक बाटली घ्या. घरची औषधाची धुतलेली बाटली चालत नाही.
- हात धुवा, जागा साध्या पाण्यानं पुढून मागे धुवा. डेटॉल नको.
- एका हातानं बाहेरच्या घड्या बाजूला धरा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली ३०-४० मिली बाटलीत घ्या. झाकणाच्या आत बोट लावू नका.
- नमुना तासाभरात लॅबला पोहोचला पाहिजे. गगनबावड्याहून किंवा आजऱ्याहून एसटीनं उन्हात आणलेल्या बाटलीत जंतू वाटेतच वाढतात, आणि नसलेला संसर्ग कागदावर उमटतो. लॅबमध्ये येऊनच नमुना द्या. जमलंच नाही तर बाटली फ्रीजमध्ये ठेवून बर्फाच्या डब्यातून आणा.

रिपोर्ट हातात आला की तीन ओळी बघा. ‘एपिथेलियल सेल्स’ (कातडीच्या-अस्तराच्या पेशी) भरपूर असतील किंवा कल्चरला ‘मिक्स्ड ग्रोथ’, म्हणजे अनेक जंतूंची सरमिसळ, लिहिलं असेल, तर नमुना बिघडलेला आहे. तपासणी पुन्हा करा, गोळ्या घेऊ नका. ‘आरबीसी’ (लाल रक्तपेशी) वारंवार दिसत असतील तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. आणि ‘पस सेल्स’ (पुवाच्या पेशी) जास्त पण कल्चर कोरं, असं दोनदा आलं तर मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार झालाच पाहिजे. हा क्षयरोग आयसीसारखाच दुखतो, मूत्राशय आखडवतो, आणि वेळेत सापडला तर बरा होतो. त्यासाठी सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी द्यावी लागते आणि सीबीनॅट (क्षयाचे जंतू त्यांच्या जनुकांवरून ओळखणारी) तपासणीही करता येते. आपल्याकडे क्षयरोग वगळल्याशिवाय आयसीचा शिक्का मारून घेऊ नका.

४. कुणाकडे जायचं, काय न्यायचं

पहिली भेट युरॉलॉजिस्टची. पाळीशी दुखणं जोडलेलं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञही हव्यात. सरकारी वाटेनं जायचं तर कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर. केसपेपरच्या खिडकीवरच विचारा की युरॉलॉजीचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, म्हणजे फेरी फुकट जात नाही.

पिशवीत असू द्या:

- आधार कार्ड, रेशन कार्ड
- तीन दिवसांची वही
- सगळे जुने लघवीचे रिपोर्ट, तारखेच्या क्रमानं लावलेले
- सोनोग्राफीची फिल्म आणि कागद दोन्ही
- आजवर घेतलेल्या औषधांची यादी: नाव, किती दिवस, फरक पडला का. आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंही लिहा
- आधीच्या ऑपरेशनची डिस्चार्ज कार्डं

भरती होऊन करायचा उपचार निघाला तर रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्रा’ला गाठून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो बसतो का, ते आधी विचारा. योजना ठरावीक उपचारांसाठी आहे. ओपीडीतल्या गोळ्यांचा खर्च त्यात धरून चालू नका.

ओपीडीत वेळ कमी मिळतो. ‘लघवीला त्रास होतो’ एवढंच म्हणालात तर पुन्हा अँटिबायोटिकच लिहून मिळेल. त्याऐवजी असं म्हणा: ‘आठ महिने झाले. मूत्राशय भरलं की कळ येते, लघवी झाली की कमी होते. दिवसातून १६ वेळा जाते. तीन कल्चर कोरी आली आहेत. हे आयसी असू शकतं का?’ शरीरसंबंधाच्या वेळी दुखतं हे नवऱ्यासमोर किंवा सासूबाईंसमोर तोंडातून निघत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवा आणि वही डॉक्टरांच्या हातात द्या. ते सांगणं गरजेचं आहे, त्यावरून तपासणीची दिशा बदलते.

५. बाकीचे आजार वगळणं

सोनोग्राफीला सांगताना ‘लघवी करण्याआधी आणि केल्यानंतर’ अशी दोन्ही मोजमापं मागा. नंतर ५० मिलीपेक्षा कमी उरत असेल तर बरं. वारंवार १०० मिलीच्या वर उरत असेल तर मूत्राशय रिकामं का होत नाही, हे शोधायला लागतं. सेंटरवर ‘लिटरभर पाणी पिऊन बसा’ म्हणतात. तुमच्यासाठी तो छळ आहे. नंबर किती आहे ते विचारा, दोन-तीन जणी उरल्या की पाणी प्या, आणि ‘मला मूत्राशयाचं दुखणं आहे, फार धरवत नाही’ असं टेक्निशियनला आधीच सांगा. मध्यम भरलेलं असलं तरी काम भागतं.

याशिवाय तपासायच्या गोष्टी: मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला अडकलेला खडा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणं; पाळीच्या दिवसांत दुखणं उसळतं), योनीचा संसर्ग, आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये इस्ट्रोजेन कमी होऊन आलेला कोरडेपणा. हा शेवटचा प्रकार फार दुर्लक्षित राहतो. योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमनं त्यात चांगला फरक पडतो.

आता एक गोष्ट कळकळीनं. ओटीपोट दुखतं म्हणून ‘गर्भपिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला, तर लगेच हो म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तो विसरण्यासारखा नाही. दुखणं मूत्राशयाचं असेल तर पिशवी काढून ते जात नाही. ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि ‘दुखणं गर्भाशयाचंच आहे हे कशावरून?’ हा प्रश्न विचारा.

६. दुर्बिणीची तपासणी

सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मूत्राशय आतून बघणं, प्रत्येकीला लागतेच असं नाही. लघवीत रक्त असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल, निदान डळमळीत असेल किंवा औषधांनी फरक पडत नसेल तर करून घ्यावी. तिचे दोन उपयोग: गाठ वगळणं, आणि ‘हनर लीजन’ शोधणं. मूत्राशयाच्या आतल्या या लालसर, सुजलेल्या चट्ट्यांचं वर्णन गाय हनर या अमेरिकन डॉक्टरांनी १९१५ च्या सुमारास केलं. थोड्याच रुग्णांत ते सापडतात. पण सापडले तर आनंदच माना, कारण ते जाळता येतात किंवा त्यांत स्टिरॉइडचं इंजेक्शन देता येतं आणि बऱ्याच जणींना मोठा आराम मिळतो.

दुर्बिणीत काही दिसलं नाही, तर आयसी नाही असा अर्थ होत नाही. भूल देऊन मूत्राशय पाण्यानं फुगवल्यावर बारीक रक्ताचे ठिपके दिसतात, ते निरोगी बायकांतही दिसू शकतात. त्या ठिपक्यांवर निदान टांगू नका.

७. खाणं-पिणं

कोल्हापुरात हा भाग सगळ्यांत अवघड. कांदा-लसूण चटणी पडली नाही असं कालवण नाही, आणि मूत्राशय चिडवणाऱ्या यादीत तिखट वरच्या ओळीत आहे. बाकीचे नेहमीचे आरोपी: चहा, कॉफी, सोड्याची पेयं, लिंबू, चिंच, आमसूल, टोमॅटो, संत्री, अननस, दारू, साखरेऐवजी वापरायच्या गोड गोळ्या, आणि चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. मूत्रसंसर्गासाठी म्हणून मिळणारं क्रॅनबेरीचं सरबत किंवा पुडी आम्लधर्मी असते. आयसीत त्यानं आग वाढू शकते.

पण सगळ्यांनाच सगळं बाधतं असं नाही. म्हणून जन्मभराचं पथ्य धरायच्या आधी परीक्षा घ्या. ३ ते ४ आठवडे वरची सगळी यादी बंद. मग एकेक पदार्थ परत आणायचा: पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी नेहमीएवढा, तिसऱ्या दिवशी फक्त वहीकडे लक्ष. कळ वाढली नाही तर तो पदार्थ तुमचा. एका वेळी दोन पदार्थ आणले की कुणी बाधलं ते कळत नाही. आणि चहा एकदम तोडला की डोकं दुखतं, आठवडाभरात उतरवत न्या.

घरात वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही, क्रम बदला. मटण शिजतं तेव्हा हळद, मीठ, आलं, लसणाचं अळणी (बिनतिखटाचं पाणी) तयार होतंच. तांबड्याची फोडणी पडण्याआधी आपली वाटी आणि चार फोडी काढून घ्या. भाजीचंही तसंच: दोडका, दुधी, काकडीची कोशिंबीर दही-लिंबू न घालता, मुगाचं वरण आपल्यापुरतं काढून मग बाकीच्यात चटणी. ज्वारीची भाकरी, भात, तूप, गूळ बहुतेकींना चालतं. दूधही बहुधा सोसतं, त्यामुळे चहाच्या वेळी गंगावेशीतल्या कट्ट्यावरच्यासारखं धारोष्ण नाही, पण तापवलेलं दूध प्यायला हरकत नाही. उपवासाला रिकाम्या पोटी चहावर चहा मात्र नको.

पाण्याबद्दल दोन टोकाच्या चुका होतात. एक, ‘भरपूर पाणी पी’ म्हणून चार लिटर. दुसरी, लक्ष्मीपुरीच्या बाजारात किंवा महाद्वार रोडवर जायचंय, स्वच्छ संडास मिळायचा नाही, म्हणून सकाळपासून घोटही नाही. लघवी दाट झाली की ती जास्त झोंबते. दिवसाला दीड ते दोन लिटर, थोडं-थोडं, आणि उन्हात राबत असाल तर जास्त. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला म्हणजे माप बरोबर.

८. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू

मोबाईलवर बघून ‘केगल’ व्यायाम सुरू करू नका. आयसीत हे स्नायू आधीच आखडलेले असतात. आवळण्याच्या व्यायामानं दुखणं वाढतं. इथे सैल सोडणं शिकायचं आहे: बालासन, आधार घेऊन मलासन, आणि पोट फुगवत सावकाश श्वास, दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं. फिजिओथेरपिस्टकडे जाताना ‘पेल्विक फ्लोअर सैल करण्याची थेरपी करता का?’ असंच विचारा. कंबरदुखीचं मशीन लावून उपयोग नाही. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते मोडा. कुंथण्यानं हेच स्नायू ताणतात.

९. औषधं

कोणतंही एक औषध सगळ्यांना लागू पडत नाही, आणि फरक दिसायला आठवडे जातात. डॉक्टर सहसा या क्रमानं जातात.

अमिट्रिप्टिलिन: रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरुवात. मेडिकलवाला ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ म्हणेल आणि तुम्ही घाबरून बंद कराल, हे वारंवार होतं. एवढ्या कमी मात्रेत ती नसांची कळ कमी करायला देतात. सुरुवातीला झोप येते, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. मनानं एकदम थांबवू नका.

हायड्रॉक्सिझिन: रात्रीची अ‍ॅलर्जीविरोधी गोळी. ज्यांना अ‍ॅलर्जीचा त्रास आहे त्यांना जास्त लागू पडते असं दिसतं.

पेंटोसॅन पॉलिसल्फेट: १०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, आणि गुण कळायला तीन ते सहा महिने. दीर्घकाळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो. सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्या, नंतरही ठरावीक काळानं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

गोळ्यांनी भागलं नाही तर नळीतून मूत्राशयात औषध सोडतात: हेपॅरिन आणि लिग्नोकेन, हायलुरोनिक अ‍ॅसिड किंवा डीएमएसओ. बहुधा आठवड्याला एकदा, सहा आठवडे. डीएमएसओनंतर एक-दोन दिवस अंगाला लसणासारखा वास येतो, घाबरू नका. मूत्राशयात दिलेल्या बोटॉक्सच्या इंजेक्शनानंतर काही जणींना काही काळ स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. तशी तयारी असेल तरच हो म्हणा.

महिनोन्‌महिने अँटिबायोटिक चालू ठेवणं हा आयसीचा उपचार नाही.

१०. भडका उठतो तेव्हा

कितीही जपलं तरी मध्येच कळ उसळते. लग्नघरचं जेवण, लांबचा एसटीचा प्रवास, खड्ड्यातून गाडीवर केलेली फेरी, पाळी. त्या दिवसांसाठी एक पिशवी तयार ठेवा: शेकायची रबरी पिशवी (कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं, थेट कातडीवर नको), पाण्याची बाटली, डॉक्टरांनी लिहून दिलेली कळ कमी करायची गोळी, सैल सुती कपडे. फिनॅझोपायरिडिन दिलं असेल तर लघवी गर्द नारिंगी होते, ते रक्त नव्हे. पण ती गोळी घेतल्यावर लघवीच्या पट्टीची तपासणी चुकते, म्हणून नमुना आधी, गोळी नंतर.

भडका आयसीचाच आहे की खरोखर जंतू शिरलेत, हे नुसत्या जळजळीवरून ठरत नाही. म्हणून लॅबमधून आणलेली एक सीलबंद निर्जंतुक बाटली घरात कायम ठेवा आणि रात्री-अपरात्री त्रास सुरू झाला तर अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी नमुना घ्या. बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहा, फ्रीजच्या आतल्या कप्प्यात डब्यात ठेवा आणि सकाळी लॅब उघडल्याबरोबर पोहोचवा. सोबत थंडी-ताप असेल तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.